भूगर्भशास्त्र यादीत नव्हतं

मार्च २०१७ मध्ये मी नाशिकला दहावीची परीक्षा दिली. पुढचं काही घरात ठरवावंच लागलं नाही. अकरावी सायन्स, मग इंजिनिअरिंग, त्यातही कॉम्प्युटर. त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला जात होता, "सायन्स की कॉमर्स?" आर्ट्सचं नाव त्या प्रश्नातसुद्धा नसायचं. जूनमध्ये निकाल लागला आणि ऑगस्टमध्ये बाबांच्या बदलीमुळे आम्ही चौघं सिएटलच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहायला आलो. आई, बाबा, मी आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ.

तिथल्या हायस्कूलने मला अकरावीत घेतलं. आपल्याकडच्या अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात खरं, पण ते बोर्डाचं शिक्षण. तिथला एकही गुण पुढे पदवीच्या हिशेबात येत नाही. इथे काउन्सेलरबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, की शाळेत नाव ठेवून तू जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजात, जाऊन बसू शकतेस. तिथे घेतलेला विषय दोन्हीकडे धरला जाईल, शाळा पूर्ण करण्यासाठीही आणि पुढच्या पदवीसाठीही. वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या कायद्याने आलेली ही योजना, नाव 'रनिंग स्टार्ट'. ट्यूशन राज्य भरतं. पुस्तकं, काही किरकोळ शुल्क आणि जाणं-येणं आपलं आपण बघायचं.

बाबांनी त्याच रात्री एका पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. पदवीला साधारण १८० क्रेडिट लागतात. कॉलेजचा एक विषय म्हणजे ५ क्रेडिट, क्वार्टरला (दहा-अकरा आठवड्यांच्या सत्राला) तीन विषय, वर्षाला तीन क्वार्टर. दोन वर्षांत ९०. "अर्धी डिग्री फुकट," बाबा म्हणाले आणि पाकीट फ्रिजवर चिकटवलं. नवीन देशात, एका पगारावर, हा विचार किती मोठा दिलासा होता ते मला तेव्हाही कळत होतं. मी अकरावीचा पहिला काळ शाळेतच काढणार असल्यामुळे ९० काही होणार नव्हते, पण ६० नक्की झाले असते. आणि ते ६० कोणते, हेही पाकिटावर लिहिलेलं होतं: गणित, प्रोग्रॅमिंग, फिजिक्स, केमिस्ट्री, आणि जेवढ्यास तेवढं इंग्रजी.

मात्र आधी प्लेसमेंट टेस्ट होती, आणि तिथेच मी अडले. मी सेमी-इंग्रजीची विद्यार्थिनी. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. गणितात मला सहज वरचा वर्ग मिळाला. इंग्रजीत मात्र १०१ च्या खालच्या वर्गात बसावं लागेल असा निकाल आला. १०० च्या खालचे वर्ग कॉलेजच्या पातळीचे धरत नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे योजनेतून मिळत नाहीत. म्हणजे दार उघडायच्या आधीच बंद. मी घरी येऊन खूप रडले. काउन्सेलरबाईंनी दुसरा मार्ग काढून दिला: कॉलेजच्या इंग्रजी विभागाकडे लिहिलेला निबंध देऊन फेरविचार मागायचा. मी लिहिला नाशिकच्या ऑगस्ट २०१६ च्या पुरावर. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, छातीला आहे की डोक्यावरून गेलंय, यावरून पुढे काय होणार ते ओळखतात. व्याकरण माझं डळमळीतच होतं. पण मला सांगण्यासारखं काही आहे, हे कुणालातरी त्या निबंधात दिसलं असावं. जानेवारी २०१८ च्या क्वार्टरला मी इंग्रजी १०१ मध्ये बसले.

या योजनेचा एक कागद आहे, त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. दर क्वार्टरला एक पडताळणीचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर विद्यार्थ्याची, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही लागते. शाळा पूर्ण करायला तुझे कोणते विषय राहिलेत आणि या क्वार्टरला योजनेतून किती क्रेडिट घेता येतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. शाळा आणि कॉलेज मिळून एका पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या १.२ पटीपर्यंतच राज्य पैसे भरायचं (आता ही मर्यादा १.४ आहे), त्यावरचे आपल्या खिशातून. हा फॉर्म वेळेत गेला नाही तर नोंदणी झालेली असूनही बिल येतं. मी पहिल्या वर्षी तो आईच्या देवघराशेजारी ठेवायचे, म्हणजे तो कुणाच्या नजरेतून सुटू नये.

कॉलेजचा वेग मला कुणी सांगितला नव्हता. शाळेत वर्षभर चालणारा विषय तिथे दहा-अकरा आठवड्यांत संपतो, म्हणून तर ५ क्रेडिटला शाळेचं अख्खं एक क्रेडिट मिळतं. तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा. एक आठवडा ताप आला तर विषयाचा दहावा भाग गेला. शिवाय कॉलेज आई-वडिलांशी बोलत नाही. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार कॉलेजात शिकणाऱ्याच्या नोंदींवर हक्क त्या विद्यार्थ्याचा, मग त्याचं वय सोळा का असेना. बाबांनी एकदा माझ्या गुणांविषयी विचारायला फोन केला, तर पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं, की तुमच्या मुलीलाच फोन करायला सांगा. बाबा बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसले. माझे गुण त्यांना माझ्याच तोंडून ऐकावे लागणार, हे आमच्या घरात प्रथमच घडत होतं.

आणि लवकरच तशी वेळ आली. दुसऱ्या क्वार्टरला मी पाकिटावरच्या यादीप्रमाणे प्रोग्रॅमिंग घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून मला कळत होतं, की हे मला जमतंय पण आवडत नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत जमेनासंही झालं. विषय मध्येच सोडता आला असता, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, 'डब्ल्यू' अशी सोडल्याची नोंद आली असती. पण मग शाळेचं क्रेडिटही गेलं असतं, आणि बाबांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. मी शेवटपर्यंत रेटलं. ४.० पैकी २.४ मिळाले.

मी ते जेवणाच्या ताटावर सांगितलं. बाबा म्हणाले, "पुन्हा घे." मी म्हटलं, "बाबा, मला हे आयुष्यभर करायचं नाहीये." एवढं वाक्य बोलायला मला सोळा वर्षं लागली, आणि माझ्याकडे ते २.४ नसते तर मी ते बोलूच शकले नसते. नुसतं "मला वाटतं आवडणार नाही" याला आमच्या घरात काही वजन नव्हतं. दहा आठवडे करून बघितलेल्याला होतं. हेच नाशिकला असते तर अकरावी, बारावी, प्रवेश परीक्षा आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष एवढं उलटल्यावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लाखभर रुपये भरून झाल्यावर मला हे कळलं असतं. तेव्हा सांगायची हिंमत झाली असती असं मला वाटत नाही.

बारावीच्या पहिल्या क्वार्टरला मला केमिस्ट्री हवं होतं. कॉलेजात नोंदणीची वेळ साधारण जमलेल्या क्रेडिटनुसार येते. माझे जेमतेम २०, त्यामुळे माझी वेळ येईपर्यंत केमिस्ट्रीचे सगळे वर्ग भरलेले. प्रयोगशाळा असलेला एक विज्ञान विषय तर हवाच होता. बसच्या वेळेत बसणारा एकच उरला होता, भूगर्भशास्त्र १०१. बाबांनी विचारलं, "दगडांचं काय करणार?" मी म्हटलं, एवढ्या क्वार्टरपुरतं घेते, पुढच्या वेळी केमिस्ट्री.

त्या वर्गात सोळा-सतरा वर्षांच्या आम्ही तिघीच. बाकी सगळे मोठे. नोकरी सुटलेली एक बाई, सैन्यातून परतलेला एक मुलगा, दोन नातवंडं असलेल्या एक आजी. आणि माझ्या टेबलावर पन्नाशीचा एक माणूस, जो आयुष्यभर विहिरींसाठी जमिनीत भोकं पाडत आला होता. त्याच्या कंपनीने त्याला शिकायला पाठवलं होतं. तो एकदा म्हणाला, तीस वर्षं मी या खडकातून गेलोय, आता त्याचं नाव शिकायला आलोय.

तिसऱ्या लॅबला खनिजांचे ट्रे आले. प्रत्येक नमुन्याला चिकटवलेली चिठ्ठी. मी एक फिकट गुलाबी, गवताच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला स्फटिक उचलला, उलटा केला. चिठ्ठीवर होतं: स्टिल्बाइट, नाशिक, इंडिया.

मी तो बराच वेळ हातातून खालीच ठेवला नाही. सातवीत असताना आमची सहल सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेली होती. काचेमागे असेच दगड होते, आणि आम्ही रांगेत पुढे पुढे ढकलले जात होतो. कोण, कुठून, कसं, काही कळलं नव्हतं. इथे शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं: लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपतं आणि हळूहळू आतून स्फटिक वाढतात. दख्खनच्या बेसॉल्टमधले, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकातले, हे झिओलाइट गटातले स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, की मी याच गावची आहे. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि घाट दाखव म्हणाल्या. मी कसारा घाट काढला. पंचवटी एक्सप्रेसच्या खिडकीतून दिसतात तशा एकावर एक आडव्या पायऱ्या. बाई म्हणाल्या, 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' हा शब्दच पायरीवरून आलाय, स्वीडिश भाषेतून. मी त्या पायऱ्या शंभर वेळा पाहिल्या होत्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट, हे मला सुमारे ६.६ कोटी वर्षांनंतर, सिएटलमध्ये कळत होतं.

टेबलावरच्या विहिरीवाल्याला मी निफाडच्या आजोबांची गोष्ट सांगितली. द्राक्षबागेसाठी बोअर मारायची होती, तेव्हा त्यांनी पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधाने चालला, आणि नारळ जिथे उभा राहिला तिथे खूण केली. पहिली बोअर कोरडी गेली. दुसऱ्या जागी ऐंशी फुटांवर ओल लागली, आणि आजोबा म्हणाले, "मांजऱ्या लागला." विहिरीवाल्याने मला वहीत चित्र काढून दाखवलं. लाव्ह्याच्या लोटाचा मधला भाग घट्ट, त्यात पाणी नाही. पाणी असतं दोन लोटांच्या सांध्यात, वरच्या सच्छिद्र, भेगाळलेल्या भागात. पूर्व वॉशिंग्टनमध्येही असाच बेसॉल्ट आहे, कोलंबिया नदीचा, आपल्यापेक्षा कितीतरी तरुण, बराचसा दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. तिथले शेतकरीही त्याच सांध्यातलं पाणी उपसतात. आजोबांचा मांजऱ्या म्हणजे तोच सच्छिद्र थर. त्या रात्री मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "हे आम्हाला माहीत होतं, फक्त लिहून कुणी दिलं नव्हतं."

एका शनिवारी वर्गाची सहल डोंगर ओलांडून पूर्वेला गेली. व्हँटेजजवळ नदीकाठी बेसॉल्टचे षटकोनी खांब उभे होते, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे, फक्त मैलोन्‌मैल. मग ड्राय फॉल्स. साडेपाच किलोमीटर रुंद, सव्वाशे मीटरच्या आसपास उंच, आणि पाण्याचा थेंब नाही. शेवटच्या हिमयुगात बर्फाचा बांध फुटून मोंटानातलं एक प्रचंड सरोवर पुन्हा पुन्हा या बाजूला रिकामं झालं, त्या लोंढ्यांनी हा कडा कोरला. १९२३ मध्ये जे हार्लन ब्रेट्झने हे पुराचं काम आहे असं मांडलं, तेव्हा मोठमोठ्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. त्याला भूगर्भशास्त्रातलं मानाचं पेन्रोज पदक मिळालं ते १९७९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. पण मला त्या दिवशी हलवून गेली ती दुसरीच गोष्ट. ब्रेट्झ सुरुवातीला सिएटलमधल्या एका हायस्कूलात जीवशास्त्र शिकवायचा. भूगर्भशास्त्राकडे तो मागून वळला. त्या कड्याच्या काठावर उभी असताना दुतोंड्या मारुती डोळ्यांसमोर आला, आणि मी मनात म्हटलं, केमिस्ट्री आता नंतर.

माझ्या शाळेतल्या बहुतेक मराठी आणि एकूणच भारतीय मुलांनी दुसरा रस्ता धरला होता, एपीचा, म्हणजे 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट'चा. शाळेतच वरच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा, १ ते ५ गुण, आणि विद्यापीठाने मान्य केलं तर क्रेडिट. मी त्याला कमी लेखत नाही. शिकवणं उत्तम असतं, आणि दूरच्या खासगी विद्यापीठांत जायचं असेल तर त्याची ओळख जास्त. पण एपीच्या यादीत भूगर्भशास्त्र नाही. मानववंशशास्त्रही नाही. यादीत जे नाही ते सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात येणार कुठून? माझा एक मित्र नऊ एपी घेऊन बाहेर पडला, सगळ्यांत ४ आणि ५. तो हुशार होता, आजही आहे. पण त्याने घेतलेले नऊच्या नऊ विषय त्याला आधीच माहीत होते. लवकर मिळालेलं क्रेडिट मुलाला मोकळं करतं की आणखी घाईला लावतं, हे त्या क्रेडिटवर ठरत नाही. समोर ठेवलेला कॅटलॉग किती जाड आहे आणि घरचं पाकीट किती कडक आहे, यावर ठरतं, असं माझं आजचं मत आहे.

हिवाळ्यात मी कॅल्क्युलसबरोबर मानववंशशास्त्र घेतलं, वसंतात भूगोल. जून २०१९ मध्ये ६० क्रेडिट हातात घेऊन शाळा संपवली.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी आधी सांगत नाही. माझे २.४ गेले नाहीत, जाणारही नाहीत. ती खरी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट आहे. पुढे कुठेही अर्ज करताना ती मागतात. माझ्याबरोबर सोळाव्या वर्षी जीवशास्त्रात घसरलेली एक मैत्रीण पुढे मेडिकलला अर्ज करत होती. तिथे हायस्कूलात असताना घेतलेला कॉलेजचा प्रत्येक विषय, गुणांसकट, द्यावाच लागतो. सोळाव्या वर्षीच्या एका वाईट क्वार्टरचं स्पष्टीकरण ती बाविसाव्या वर्षी देत होती. करून बघण्याची मोकळीक आहे, पण पाटी पुसायची सोय नाही. म्हणून मी आता मुलांना सांगते, पहिल्या क्वार्टरला एकच विषय घ्या.

विद्यापीठात गेल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या ६० पैकी काही क्रेडिट नुसतेच 'ऐच्छिक' म्हणून धरले गेले, कुठल्याच अटीत बसले नाहीत. आणि १०५ क्रेडिट व्हायच्या आत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचा नियम होता. इतर मुलांना त्यासाठी दोन वर्षांहून थोडा जास्त काळ मिळत होता, मला एकच वर्ष. जी क्रेडिट मी भटकून मिळवली, तीच मला भटकणं थांबव म्हणत होती. माझं बऱ्यापैकी ठरलेलं होतं म्हणून निभावलं. ज्याचं ठरलेलं नसतं, त्याला ही बेरीज घाबरवून सोडते. माझ्या सल्लागाराने पहिल्याच भेटीत मी कोणते विषय घेतले ते विचारलं नाही. किती लवकर संपवू शकतेस, एवढंच सांगितलं. ते मला आजही लागून राहिलंय.

मी अडीच वर्षांत संपवू शकले असते. सव्वातीन लावली. त्यातला एक उन्हाळा फील्ड कॅम्पला गेला आणि एक अख्खं क्वार्टर पाण्याच्या कायद्याला आणि इतिहासाला. जास्तीच्या क्वार्टरचे पैसे पडले, आणि त्यावरून घरात बोलणं झालं. मी बाबांना म्हटलं, डिग्रीचा जो भाग फुकट मिळाला त्यातलं थोडं मला परत द्या. ते काही बोलले नाहीत, पण फी भरली. आज मी भूजलावर काम करते. आठवड्यातले दोन दिवस पूर्व वॉशिंग्टनच्या शेतांवर असते, बोअरमधून निघालेला चुरा हातात घेऊन सांधा कुठे लागला ते बघत.

धाकटा भाऊ आता दहावीत आहे. पुढच्या सप्टेंबरपासून त्यालाही कॉलेजात जाता येईल. गेल्या रविवारी मी घरी गेले, तर बाबा आणि तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मला वाटलं, नवं पाकीट तयार होतंय. जवळ गेले तर बाबा कॉलेजचा कॅटलॉग अगदी पहिल्या अक्षरापासून वाचत होते, एकेका विषयाखालचं वर्णन, सावकाश, मोठ्याने. भाऊ कंटाळून म्हणाला, "बाबा, थेट कॉम्प्युटरवर या ना."

"थांब," बाबा म्हणाले. "अजून अँथ्रोपॉलॉजीच चाललंय."